पिस्टन आधी, बोअरिंग नंतर: मारुती ८००च्या इंजिनासाठी बाजारातले पिस्टन कसे निवडावेत

आमच्या घरची जुनी मारुती ८०० सकाळी चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं बॉनेटखालून टक-टक-टक असा कोरडा आवाज यायचा. इंजिन तापलं की आवाज नाहीसा व्हायचा. हे इंजिन महिन्याभरापूर्वीच बांधलेलं होतं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बोअरिंग ताजं. तरी आवाज होता, कारण मी कामाचा क्रम उलटा केला होता. ब्लॉक आधी बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठे करायला दिला, ‘पॉइंट पन्नासला करा’ (मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठं) म्हणून सांगितलं आणि पिस्टन नंतर आणले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, बरोबर ६९.०० मिमी निघाला. पिस्टन मी मोजलेच नाहीत. इंजिन परत खोललं तेव्हा मोजले, तर ते ६८.९३ मिमी होते. त्या पिस्टनला बोअरमध्ये ०.०४ मिमी फट हवी होती आणि मी ०.०७ दिली होती. बोअरिंगवाल्याचं काम चोख होतं, पिस्टनही आपल्या जागी ठीक होते. दोघांची गाठ मी घालून दिली नव्हती.

पुढची साइझ मिळाली नाही म्हणून ब्लॉकला लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) घालून परत स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर, यावं लागलं. खर्च दुप्पट झाला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: पिस्टन हातात आल्याशिवाय, ते मोजल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला जाणार नाही. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण मारुती ८०० आणि ओम्नीच्या ‘एफ८बी’ इंजिनाचं घेतलं आहे, कारण ते मी स्वतः उघडून बांधलं आहे. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ बनलेली गाडी असल्याने ती आजही गावोगाव सापडते. इंजिन दुसरं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

जुने पिस्टन धुवायच्या आधी वाचा

पिस्टन बाहेर आले की मिस्त्रीचा पहिला हात रॉकेलच्या डब्याकडे जातो. त्याला थांबवा. तिन्ही पिस्टन आतून मार्करने एक, दोन, तीन असे नंबर टाकून कागदावर ओळीत मांडा आणि उजेडात नीट बघा. इंजिन का गेलं हे इथेच कळतं. ते कारण दुरुस्त झालं नाही तर जगातला कितीही चांगला पिस्टन वर्षभरात तसाच होऊन परत येईल.

स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) आडव्या दोन बाजूंना मधोमध उभे हलके घासे असतील तर ती नेहमीची झीज आहे. घासे पिनच्या भोकांच्या शेजारी चार कोपऱ्यांत असतील तर इंजिन तापलं होतं. तिथे धातू जास्त असतो आणि उष्णतेने तोच भाग आधी फुगून बोअरला घासतो. अशा वेळी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली घासलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. पिस्टनच्या माथ्याची कड वाळवीने खाल्ल्यासारखी टोचलेली दिसली तर इंजिन बराच काळ नॉकिंग करत, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके देत, चाललं आहे. टायमिंग आणि कार्बुरेटर तपासा. आणि सगळा स्कर्ट मळकट करडा, बारीक उभ्या रेघांनी भरलेला, रिंगा पातळ झालेल्या, असं दिसलं तर एअर फिल्टरच्या डब्यातून धूळ आत गेली आहे. खडीच्या रस्त्यावर आणि उसाच्या हंगामात चालणाऱ्या गाड्यांत मी हेच जास्त बघितलं आहे. फिल्टर नवा असतो, पण डब्याचं झाकण नीट बसत नाही किंवा रबरी पाइपला चीर गेलेली असते.

जुने पिस्टन टाकून देऊ नका. दुकानात जाताना एक सोबत न्या. तोंडी वर्णनापेक्षा तो नमुना दुकानदाराला चटकन समजतो.

ब्लॉकची झीज मोजून घ्या

एफ८बीचा मूळ बोअर ६८.५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ७२ मिमी. तीन सिलिंडरचे मिळून ७९६ सीसी होतात.

बोअर डायल गेजने मोजायचा. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोलींवर, आणि प्रत्येक खोलीवर क्रँकच्या दिशेने आणि तिच्या आडवा असे दोनदा. तीन सिलिंडरचे अठरा आकडे वहीत लिहा. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या प्रवासाच्या टोकाला, आडव्या दिशेने असते, कारण स्फोटाच्या वेळी पिस्टन त्याच बाजूला रेटला जातो. वरच्या कडेला नख अडकेल एवढी पायरी लागली तर झीज आहे, पण किती आहे हे नख सांगणार नाही.

छोट्या पेट्रोल इंजिनांत एकाच बोअरच्या आकड्यांत ०.१० मिमीचा फरक पडला की बोअरिंग लागतंच. मी ०.०५ च्या वर गेलं की करून घेतो. फरक त्यापेक्षा कमी असेल आणि ओरखडे नसतील तर नुसतं होनिंग करून, म्हणजे बोअर दगडाने हलकासा घासून, नव्या रिंगांवर काम भागतं. मग पिस्टन बदलायची गरज आहे का, हेही प्रामाणिकपणे तपासा. जुन्या पिस्टनच्या वरच्या खाचेत नवी रिंग आडवी धरून तिच्या शेजारी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.०३ ते ०.०७ मिमीच्या दरम्यान गेज जात असेल आणि स्कर्ट मापात असेल तर तो पिस्टन अजून चालेल. बऱ्याच इंजिनांत उगाच नवे पिस्टन पडतात.

किती मोठी साइझ

नेहमीच्या ओव्हरसाइझ दोन: ०.२५ आणि ०.५०. म्हणजे बोअर साधारण ६८.७५ किंवा ६९.०० मिमी. सगळ्यात झिजलेला सिलिंडर जिथे साफ होईल ती सगळ्यात लहान साइझ घ्यायची आणि तिन्ही सिलिंडर त्याच साइझला न्यायचे. काही जण एकदम पन्नासला जायला सांगतात, ‘परत खोलायला नको’ म्हणून. मला ते पटत नाही. पंचविसावर काम होत असेल तर ब्लॉकचं एक आयुष्य शिल्लक राहतं.

जुने मिस्त्री अजून थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. ‘वीस थाऊ’ म्हणजे ०.५०८ मिमी होतात, आणि डब्यावर ०.५० लिहिलेलं असतं. हा ०.००८ चा फरक क्षुल्लक वाटेल. पण एकूण फटच ०.०४ ची असते, म्हणजे तिचा पाचवा हिस्सा बोलण्यातच गेला. बोअरिंगवाल्याशी कायम मिलिमीटरमध्ये आणि लिहून बोला.

साइझ मोठी केल्याने ताकद वाढते असाही एक समज आहे. ६९.०० च्या बोअरला तिन्ही सिलिंडर मिळून ८०८ सीसी होतात. बारा सीसीने गाडी धावत नाही.

ब्लॉक आधीच पन्नासला गेलेला असेल तर त्याच्याही वरच्या साइझचे पिस्टन बाजारात कोणी देऊ करेल. भिंत किती जाड उरते हे माहीत नसताना त्या वाटेला जाऊ नका. लायनर घालून स्टँडर्डला येणं हा सरळ मार्ग आहे, आणि स्टँडर्डचे पिस्टन सगळ्यात सहज मिळतात.

कास्ट, हायपर की फोर्ज्ड

रोजच्या गाडीसाठी उत्तर सोपं आहे: चांगल्या कंपनीचे कास्ट, म्हणजे ओतीव, पिस्टन. त्यात ॲल्युमिनियमबरोबर साधारण ११ ते १३ टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉनमुळे धातू कमी फुगतो आणि कमी झिजतो, त्यामुळे फट कमी ठेवता येते आणि इंजिन थंड असतानाही शांत चालतं. हायपर म्हणून जे मिळतात त्यात सिलिकॉन १६ टक्क्यांच्या वर असतं. ते आणखी कमी फुगतात, पण ठिसूळ असतात. नॉकिंग सहन करत नाहीत.

फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, पिस्टनचं आकर्षण तरुण मुलांना फार असतं. त्यात दोन मिश्रधातू नेहमी ऐकू येतात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, तो रस्त्यावरच्या गाडीला चालू शकतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. तो मार खूप खातो, पण फुगतोही खूप, म्हणून त्याला थंड असताना फट जास्त द्यावी लागते. टर्बो लावलेल्या किंवा शर्यतीच्या इंजिनात त्याचा खरा उपयोग. घर ते ऑफिस पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत तो टाकला तर ती जवळजवळ प्रत्येक फेरीत टकटकतच जाईल. एफ८बीसारख्या साध्या कार्बुरेटर इंजिनात त्या पैशात ब्लॉक, हेड आणि क्रँकचं काम नीट करून घ्या.

गाडी एलपीजी किंवा सीएनजीवर असली तरी पिस्टन मूळ कॉम्प्रेशनचेच (सिलिंडरमधलं मिश्रण जितक्या पट दाबलं जातं ते) घ्या. तिथे काळजी घ्यायची ती व्हॉल्व्ह आणि सीटांची.

मापं जुळवणं

इथे घाई करू नका. ‘मारुतीचा पिस्टन’ म्हणून दुकानदार जो डबा पुढे सरकवेल तो तुमच्या इंजिनाचा असेलच असं नाही. ६८.५ चा बोअर आणि ७२ चा स्ट्रोक हे माप फक्त एफ८बीचं नाही. बारा व्हॉल्व्हच्या एफ८डीचं, म्हणजे जुन्या अल्टोच्या इंजिनाचं, तेच आहे. वॅगन-आरच्या १०६१ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनाचंही तेच आहे. बोअर एक म्हणून पिस्टन एक, असं धरून चालू नका. एफ८बीला सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह आहेत, एफ८डीला चार. माथ्याचा आकार त्याप्रमाणे ठरतो.

बोअरनंतरचं सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे कॉम्प्रेशन हाइट: गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर. हे ठरवतं की पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीला कुठे थांबेल. पिनचा मध्य थेट मोजता येत नाही, म्हणून पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्याच्या सपाट भागापर्यंत व्हर्नियरने मोजा आणि त्यात पिनच्या व्यासाचा निम्मा भाग मिळवा. जुना आणि नवा दोन्ही असेच मोजा, म्हणजे तुमच्या मोजण्यात चूक असली तरी ती दोन्हीकडे सारखी होईल.

फरक पडला तर काय होतं हे आकड्यांत बघा. एफ८बीच्या एका सिलिंडरचं आकारमान २६५.३ सीसी. पिस्टन वर असताना उरलेली जागा, हेडची पोकळी आणि पॅकिंगची जाडी धरून, समजा ३४ सीसी आहे. तर कॉम्प्रेशन २६५.३ ला ३४ ने भागून अधिक १, म्हणजे ८.८. आता नवा पिस्टन अर्ध्या मिलिमीटरने उंच निघाला. ६८.५ च्या वर्तुळावर अर्धा मिलिमीटर म्हणजे १.८४ सीसी. उरलेली जागा ३२.१६ झाली आणि कॉम्प्रेशन ९.२५ वर गेलं. साध्या पेट्रोलवर, जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या टायमिंगवर, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन नॉकिंग करणार. उलट पिस्टन अर्धा मिलिमीटर बुटका असेल तर कॉम्प्रेशन ८.४ पर्यंत खाली येतं. इंजिन बिघडणार नाही, पण मरगळलेलं राहील आणि नव्या इंजिनाला ताकद का नाही म्हणून तुम्ही कार्बुरेटरवाल्याकडे खेटे घालत बसाल.

हेड प्लेन, म्हणजे घासून सपाट, केलेलं असेल, ब्लॉकची वरची बाजू घासलेली असेल, तर हीच गोष्ट आणखी पुढे जाते. एफ८बीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि एकदा तापलेल्या गाडीचं हेड बहुतेक वेळा आधीच एकदा प्लेन झालेलं असतं.

माथ्यावरची खळगी किंवा व्हॉल्व्हसाठीचे खड्डे वेगळे दिसले तर नुसत्या नजरेवर विसंबू नका. माथ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ग्रीसने चिकटवून, छोट्या भोकातून सिरिंजने पातळ ऑइल भरलं की खळगी किती सीसीची आहे ते कळतं. जुन्याशी एक सीसीच्या आत जुळली पाहिजे. शंका राहिलीच तर जोडणीच्या वेळी माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा, हेड जुन्या पॅकिंगवर बसवून टायमिंग बेल्ट लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मग हेड काढून मातीचा सगळ्यात पातळ भाग ब्लेडने कापून मोजा. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा.

गजन पिनचा व्यास आणि पिस्टनच्या आत दोन्ही भोकांमधली मोकळी जागा जुन्याशी पडताळा. कनेक्टिंग रॉडचा वरचा डोळा तिथे मोकळा बसला पाहिजे. पिन रॉडमध्ये दाबून बसवलेली आहे की दोन्ही टोकांना सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची कडी) लावून मोकळी आहे, तेही बघा. दाबून बसणारी पिन हातोड्याने ठोकायची नसते. रॉडचा डोळा गरम करून किंवा प्रेसवर बसवतात, नाहीतर पिस्टन घरीच अंडाकृती होतो. सर्क्लिप असतील तर त्या नव्याच घ्या. एक जुनी सर्क्लिप सुटली की ती बोअरवर नांगर धरल्यासारखी चर पाडते.

पिस्टनचा मध्य आणि पिनचा मध्य बहुतेक वेळा एका रेषेत नसतो. पिन जरा एका बाजूला सरकवलेली असते, म्हणजे स्फोटाच्या वेळी पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत नाही. म्हणूनच माथ्यावर बाण किंवा खूण असते. ती पुढच्या पुलीच्या बाजूला ठेवायची. उलटा बसवलेला पिस्टन चालतो, पण आवाज करतो.

रिंगा

शक्यतो पिस्टनच्याच कंपनीचा, त्याच साइझचा सेट घ्या. रिंगची जाडी पिस्टनच्या खाचेशी जुळली पाहिजे. बोअर जुळतो, पण वेगळ्या मॉडेलची रिंग कमी-जास्त जाडीची असते, आणि पातळ रिंग रुंद खाचेत घातली की ती खालीवर आपटत खाच मोठी करते आणि ऑइल वर चढतं.

रिंगच्या दोन टोकांमधली फट प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या बोअरमध्ये घालून मोजायची. रिंग आत ठेवून पिस्टन उलटा करून तिला दोन-तीन सेंटिमीटर खाली ढकला, म्हणजे ती सरळ बसते. वरच्या रिंगसाठी ढोबळ हिशोब बोअरच्या ०.००४ पट. ६९ मिमीच्या बोअरला ०.२७-०.२८ मिमी. डब्यावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. फट कमी पडली तर रिंगचं टोक बारीक कानसीने बाहेरून आत असं एकाच दिशेने घासा. कमी फट जास्त फटीपेक्षा घातक आहे: रिंग तापून लांबते, टोकं एकमेकांना टेकतात आणि पुढे जायला जागा नसल्याने ती बोअर खरवडते किंवा तुटते. फट मापापेक्षा पुष्कळच जास्त निघाली तर साइझ चुकली आहे, परत करा.

रिंगवर टॉप किंवा कंपनीची काही खूण असेल ती बाजू वर.

खरेदी

मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट इथे अजून या गाडीचे पिस्टन सहज मिळतात. नावं आपल्याला माहीत असतात: चेन्नईची इंडिया पिस्टन्स, ‘उषा’ नावाने विकणारी गाझियाबादची श्रीराम पिस्टन्स, गोएट्झ, शिवाय मारुतीचे स्वतःचे भाग. कोल्हापुरात मेनन पिस्टन्स आहे, पण तिचं नाव डिझेलसाठी जास्त घेतलं जातं. कंपनी कुठली, हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते तो शेवटचा आहे. वरची मापं जुळली की मग नाव बघा.

सेट एकाच डब्यातला, सीलबंद घ्या. सुटे तीन पिस्टन तीन डब्यांतून काढून देणाऱ्याकडून घेऊ नका, दर कितीही कमी असला तरी. डब्यावरचा भाग क्रमांक, साइझ आणि बॅच क्रमांक बघा आणि पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेली साइझ डब्याशी जुळते का तेही बघा. नकली माल नेहमी छपाईत सापडतोच असं नाही, पिस्टनच्या आतल्या बाजूला सापडतो. आत बोट फिरवा. कंपनीच्या कास्टिंगला कड गुळगुळीत असते, पिनच्या भोकांना बारीक चकाकी असते, रिंगच्या खाचांत खरखर नसते. खाचेच्या तळाशी धातूची किनार नखाला लागली तर तो डबा परत द्या. आणि पक्कं बिल घ्या. ‘मोजून बघतो, जुळलं नाही तर परत आणतो’ हे दुकानातून निघायच्या आधी सांगा. चांगला दुकानदार हो म्हणतो.

बंद पडलेल्या गाड्यांसाठी, म्हणजे प्रीमियर पद्मिनीसारख्या, जुना स्टॉक शोधावा लागतो. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण हौसेने जपलेल्या गाड्या आहेतच. तीस वर्षं पडून राहिलेल्या डब्यात पिस्टन ठणठणीत आणि रिंगा गंजलेल्या असं दिसतं. पिस्टन घ्या, रिंगा नव्या शोधा.

घरी आणून: वजन आणि माप

तिन्ही पिस्टन पिनांसकट तोलून बघा. किराणा दुकानातला काटा चालत नाही. मी आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे जातो. पहिल्यांदा त्यांनी पिस्टन हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मखमली तबकाऐवजी खाली वर्तमानपत्र अंथरलं. त्या दिवशी तिघांत सगळ्यात जास्त फरक दीड ग्रॅमचा निघाला. दोन-तीन ग्रॅमपर्यंत ठीक आहे. त्याहून जास्त असेल तर सेट बदला, कारण तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं, त्यात भर नको.

आता मायक्रोमीटर. पिस्टन गोल नसतो. तो पिनच्या दिशेने जरा अरुंद आणि वरच्या बाजूला निमुळता असतो, कारण तापल्यावर तिथेच जास्त फुगायचं असतं. म्हणून तो पिनच्या आडव्या दिशेने, स्कर्टवर, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर मोजायचा. ही उंची डब्यातल्या कागदावर असते. पाच मिलिमीटर वर-खाली झालं तरी आकडा बदलतो.

आणि तापमान. भर दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून आणलेला पिस्टन लगेच मोजू नका. ६९ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन पंधरा अंशांनी गरम असेल तर सुमारे ०.०२ मिमीने मोठा दिसतो. फटीचा निम्मा भाग तिथेच गेला. मी पिस्टन आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवतो, सकाळी मोजतो आणि प्रत्येक पिस्टनच्या माथ्यावर मार्करने आकडा लिहितो: ६८.९६, ६८.९६, ६८.९५.

आता ब्लॉक बोअरिंगला

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पहिल्यांदा नुसता ब्लॉक घेऊन गेलो होतो. मशीनवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ब्लॉककडे बघितलंही नाही.

‘पिस्टन कुठायत?’

‘आणतो मामा, साइझ ठरलीय. पन्नास.’

‘पन्नास ही बाजारातली साइझ झाली. मला पिस्टनची साइझ पायजे. पिस्टन घेऊन या, मग ब्लॉक ठेवून जावा.’

हे मी तेव्हाच मनावर घेतलं असतं तर लायनर घालावं लागलं नसतं.

बोअरिंगवाल्याला पिस्टन आणि डब्यातला कागद दोन्ही द्या. फट कागदावर असेल तीच. कास्ट पिस्टनला या मापाच्या बोअरमध्ये ती साधारण ०.०२ ते ०.०५ मिमीच्या घरात असते. कागदावर ०.०४ असेल आणि पिस्टन ६८.९६ असेल तर बोअर ६९.००. दुसऱ्या कंपनीचा पन्नासचाच पिस्टन ६८.९४ निघाला तर बोअर ६८.९८. दोन्ही डब्यांवर ०.५० च लिहिलेलं असतं. तिसरा पिस्टन ६८.९५ असेल तर त्याचा सिलिंडर ६८.९९ करून घ्या आणि ब्लॉकवर तसा नंबर टाका. आपल्या पिस्टनला आपला बोअर.

बोअरिंगच्या हत्याराने शेवटच्या मापापर्यंत जायचं नसतं. ०.०३ ते ०.०५ मिमी होनिंगसाठी सोडायला सांगा. होनिंगच्या रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदल्या पाहिजेत, त्यांत ऑइल धरून राहतं आणि रिंगा बसतात. होनचे दगड रिंगच्या जातीप्रमाणे घ्यायचे असतात, म्हणून रिंगचा डबाही दाखवा. काम झाल्यावर ब्लॉक उचलून आणायच्या आधी तिथेच डायल गेज लावून अठरा आकडे परत घ्या. चांगला कारागीर रागावत नाही, स्वतःच गेज पुढे करतो.

घरी आणल्यावर बोअर गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रशने धुवायचा. नुसतं पेट्रोल किंवा डिझेल होनिंगची पूड रेघांतून काढत नाही. धुऊन, वाळवून, पांढऱ्या सुती कापडाला थोडं ऑइल लावून बोअर पुसा. कापडावर करडा डाग आला की परत धुवा. मला चार वेळा धुवावं लागलं होतं. पाचव्या वेळी कापड पांढरं निघालं. मग लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर ओल्या हवेत तासाभरात तांबूस गंज दिसू लागतो.

बसवायच्या आधी

रिंगांशिवाय नुसता पिस्टन आपल्या बोअरमध्ये उलटा सोडून बघा. तेलाचा थेंब लावून बोटाने ढकलला की तो संथपणे, कुठेही न अडकता खाली गेला पाहिजे. आपल्या वजनाने धाडकन गेला किंवा मध्येच रुतला तर मापं परत घ्या, तेव्हा उशीर झालेला नसतो. रिंगा चढवल्यावर त्यांची टोकं एका रेषेत येऊ देऊ नका. एक-एक पिस्टन आत गेला की क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा. प्रत्येक पिस्टनगणिक जडपणा थोडा वाढतो, पण एकदम वाढला तर शेवटचा बसवलेला पिस्टन बाहेर काढा.

शेवटी एक कागद. त्यावर तारीख, किलोमीटर, पिस्टनची कंपनी आणि भाग क्रमांक, तिन्ही पिस्टनची मापं, तिन्ही बोअरची मापं, रिंगच्या फटी, हेड किती प्लेन केलं ते. आमच्या गाडीत तो कागद आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, मागच्या बाजूला घडी करून ठेवलेला आहे. हे इंजिन पुन्हा कधी कोणी खोललं तर ब्लॉकला आधीच लायनर आहे, हे त्याला मशीनवर चढवायच्या आधी कळेल.